समुद्राला दिलेलं वावडिंग

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. मध्ये फुगीर, कडेला पातळ, पितळी कड्यात बसवलेली आणि शिंगाच्या मुठीची. लोक मला भिंग म्हणतात. मला स्वतःचा डोळा नाही. पण माझ्यातून ज्यांनी पाहिलं, त्यांचं पाहणं थोडं थोडं माझ्यातच राहून गेलं. लहानाचं मोठं करून दाखवणं एवढंच माझं काम. या कामात आनंद असतो असं तुम्हांला वाटेल. असतोही. पण लहान वस्तू मोठी झाली की तिच्याबरोबर तिची भीतीही मोठी होते, हे मला एका घरात राहून कळलं.

माझा जन्म बंगळूरच्या पेठेतला. महायुद्ध संपलं तेव्हा दंडूतून, म्हणजे गोऱ्या पलटणींच्या वस्तीतून, जुन्या सामानाचे ढीग बाजारात आले. त्यांत एक फुटकी दुर्बीण होती. चष्मे करणाऱ्या रघुजींनी तिची मोठी काच सोडवून घेतली आणि घासायला बसले. आधी वाळूवर, मग बारीक पुडीवर, शेवटी ओल्या कापडावर. घासलं जाणं सुखाचं नसतं, मित्रांनो. दुर्बिणीत असताना मी कोसभर दूरचं जवळ आणत होते. रघुजींच्या हातून उतरले तेव्हा माझा पल्ला वीतभर उरला होता.

मला विकत घेतलं त्रिविक्रमरावांनी. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते मुलांना प्रयोग मांडून देत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. मला कागदात गुंडाळताना रघुजी म्हणाले, "मास्तर, घरी बाईसाहेबांच्या तोंडासमोर धरू नका हं. सुरकुती दिसली की शिव्या मला बसतील."

"आमच्या घरात सुरकुत्या मलाच आहेत," त्रिविक्रमराव म्हणाले.

बसवनगुडीतल्या त्यांच्या घरी मी आले, तेव्हा घर फार शांत होतं. गुंडो नावाचा त्यांचा पहिला मुलगा विषमज्वराने गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाण्यातून जंतू पोटात गेले. तेव्हापासून त्यांच्या पत्नी वसुमतीबाई घरात येणारा पाण्याचा प्रत्येक थेंब उकळत. प्यायचं उकळत, भाजी धुवायचं उकळत, देवाच्या अभिषेकाचंही उकळून गार करत. शेजारच्या ठकुअक्का थट्टा करत, "वसू, तुझा देव भाजेल गं एक दिवस." वसुमतीबाई हसत नसत. त्यांची अहल्या तेव्हा रांगत होती.

अशा घरात त्रिविक्रमरावांनी समुद्र आणला.

भाषावार राज्यं झाली आणि म्हैसूर राज्याचा नकाशा नव्याने छापला गेला, ते वर्ष; अहल्या आता शाळेत जात होती. त्यांचा चुलतभाऊ आप्पाजी मद्रासच्या गाडीवर गार्ड होता. काथ्यात बांधलेल्या मोठ्या काचेच्या बरण्यांतून तो समुद्राचं पाणी आणून देई. एकदा त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून एक दगड आणला. तो खरा दगड नव्हता. पोवळ्याच्या जिवांनी बांधलेलं ते घर होतं आणि त्यात ते जीव राहत होते. खिडकीजवळच्या मोठ्या काचेच्या टाकीत तो ठेवला. उजेड पडला की त्याच्यावर लहान लहान फुलं उघडत. पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे आणि पारदर्शक कोळंब्याही त्यात होत्या. पाण्यात हवा सोडायला त्रिविक्रमरावांनी लॉरीच्या चाकाची जुनी ट्यूब लावली होती. सकाळ-संध्याकाळ ते पायपंपाने ती फुगवत आणि बारीक नळीतून दिवसभर बुडबुडे येत राहत.

मला टाकीशेजारच्या खिळ्याला टांगलं होतं. अहल्या शाळेतून आली की मला काढून घेई आणि दगडावरची फुलं मिटताना पाही. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिच्या दृष्टीने समुद्र खिडकीएवढाच होता. ती त्यात हात घाली, माशांना बोटाने खायला देई आणि आईचं लक्ष नसलं की खारट बोट चाटूनही बघे.

घरातलं हे एकच पाणी असं होतं, जे कधीच उकळता येणार नव्हतं. वसुमतीबाई त्याच्याजवळून जाताना पदर आवरून जात.

मग अहल्या वाळू लागली. झोपेत दात खाई. पोट दुखतं म्हणून शाळेतून परत येई. डॉक्टर भीमाचार्यांनी तिला तपासलं. त्यांची मायबोली कानडी. मराठी माणसांशी ते दोन्ही मिसळून बोलत. ते म्हणाले, "होट्टेत जंतु आहे, अम्मा. भय नको. औषध देतो, सरी होईल."

इथे एक शब्द नीट ऐका, मित्रांनो. होट्टे म्हणजे पोट. डॉक्टरांच्या कानडीत जंतु म्हणजे पोटातले साधे किडे, ज्यांना आपण जंत म्हणतो. पण वसुमतीबाईंच्या मराठीत जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारं ते, ज्याने गुंडोला नेलं होतं. त्या दोन्ही भाषांत वाढलेल्या. त्यांना दोन्ही अर्थ एकदमच ऐकू आले. डॉक्टर हसत निघून गेले आणि वसुमतीबाई दाराला धरून उभ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात त्यांना टाकीच्या काचेवर काहीतरी चिकटलेलं दिसलं.

"अहो, हे काय आहे?"

त्रिविक्रमराव पंप मारत होते. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि काचेवर धरलं. आतल्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे तांबूस ठिपके होते. माझ्यातून पाहिलं तर ते चालत होते. पाय नव्हते, अंगावर वळ्या नव्हत्या. चिंचेच्या पाल्यासारखे चपटे, मागच्या टोकाला खाच. काचेवरून ते सरकत, जसा तव्यावरून तुपाचा थेंब सरकतो. ते कुणी आणून सोडले नव्हते. दगडाच्या भोकात बसून आले असणार आणि उजेडाला वाढले असणार.

"चपटे कृमी दिसतात," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. "हे इथे कसे आले? हे तर मी फक्त चित्रात पाहिलेत."

"कृमी म्हणजे जंतच ना?"

"तसे नव्हेत गं."

"मग कसे?"

त्यांनी मला पत्नीच्या हातात दिलं. वसुमतीबाईंनी मला पहिल्यांदाच धरलं होतं. हात कापत होता, आणि हात कापला की माझ्यातलं सगळं जग कापतं. कणीएवढा जीव त्यांना नखाएवढा दिसला. शेजारी दुसरा, त्याच्यावर तिसरा. त्यांनी मला खाली ठेवलं आणि पदराने बोटं पुसली.

"तिच्या पोटात हेच आहेत," त्या म्हणाल्या. "ती हात घालते यात. बोट चाटते. मला दिसत नाही असं वाटतं तिला. तुमचा हा समुद्र घरातून काढा."

त्रिविक्रमराव शांत माणूस होते. पुराव्याने माणसाची भीती जाते असा त्यांचा विश्वास होता. डॉक्टरांच्या औषधाने अहल्येच्या पोटातून पडलेला एक जंत त्यांनी काचेच्या वाटीत ठेवला आणि दुसऱ्या वाटीत टाकीतला एक कृमी. मला आधी एकावर धरलं, मग दुसऱ्यावर.

"हे बघ. हा गोल, पांढरा, सुताच्या तुकड्यासारखा. आणि हा चपटा, पानासारखा. दोघांचं गोत्र वेगळं."

"पोटात शिरणाऱ्याचं गोत्र मी विचारू?"

"शिरणारच नाही तो. हे पाहा." त्यांनी उकळून गार केलेल्या पाण्याचा एक थेंब कृमीवर टाकला. तो आकसला, गोळा झाला आणि विरघळला. "खाऱ्या पाण्याबाहेर तो टिकतच नाही. पोटात कसा टिकेल?"

पुरावा खरा होता. मी साक्षीला होते. पण एका घरात दोन माणसं एकाच काचेतून पाहतात आणि वेगवेगळं पाहतात. त्यांनी दाखवलं की हा जीव निरुपद्रवी आहे. वसुमतीबाईंनी पाहिलं की हा जीव मरू शकतो.

त्या स्वयंपाकघरात गेल्यावर त्रिविक्रमरावांनी अजून एक गोष्ट केली. या कृमीच्या आत काय असतं ते पाहायला त्यांनी दुसरा एक कृमी समुद्राच्या पाण्यात ठेवून सुईने फोडला. त्याच वाटीत कोळंबीचं एक पिल्लू चुकून आलं होतं. कृमीच्या अंगातून पिवळसर रस पसरला. पिल्लाचे पाय आधी भरभर हलले, मग हळू झाले, मग थांबले.

त्यांनी वाटी बदलली आणि पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

त्यांचा श्वास माझ्यावर धुक्यासारखा बसला. एका कृमीत एवढं विष. टाकीत तर काच तांबडी दिसावी इतके झालेले. जिवंत आहेत तोवर ते कुणाला काही करत नव्हते. पण सगळे एकदम मेले तर? मला वाटलं, आता ते स्वयंपाकघरात जातील आणि सांगतील. ते उठलेही. दारापर्यंत गेले. आत वसुमतीबाई अहल्येच्या केसांतून हात फिरवत होत्या. ते परत आले, वाट्या धुतल्या आणि मला खिळ्याला टांगलं.

संध्याकाळी ते अहल्येला फक्त एवढंच म्हणाले, "बाळ, काही दिवस टाकीत हात घालू नकोस."

"का, अण्णा?"

"नको म्हटलं ना."

ते कधी असं बोलत नसत. वसुमतीबाईंनी भाकरी थापता थापता मान वर केली.  त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. त्यांच्या मनात आलं, हेही घाबरले आहेत. म्हणजे भिण्यासारखं काहीतरी आहे. आणि ते मला सांगणार नाहीत.

शुक्रवारी त्या बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीत दिवा लावून आल्या. परत आल्या त्या ठकुअक्कांना घेऊनच. त्रिविक्रमराव कॉलेजात होते, अहल्या शाळेत.

ठकुअक्कांनी टाकीला नाक लावलं. "अय्यो! हे तर डबक्यातल्या शेवाळावानी हलतंय. ओत की मोरीत. त्यात स्वल्पसुद्धा विचार कसला?"

"ओतलं तर ते मला काही बोलायचे नाहीत, अक्का. पण त्यांचा जीव आहे त्यात. गुंडो गेल्यावर सगळे दिवस नुसते भिंतीकडे बघत बसत. हे आणलं तेव्हा पहिल्यांदा मला हाक मारून म्हणाले, बघ, फूल उघडलं." त्या थांबल्या. "मला हे मोडायचं नाही. फक्त जंत जायला हवेत."

"जंतावर काय, वावडिंग."

"तेच म्हणते मी. पोरीला देते तोच काढा."

ठकुअक्कांनी कपाळाला हात लावला. "माशांना काढा? उद्या त्यांना मऊ भात नि मेतकूटही घालशील."

पण वसुमतीबाईंनी चूल पेटवलीच होती. मिऱ्यांसारखे वावडिंगाचे दाणे त्यांनी खलात कुटले, पातेल्यात उकळले, पाणी अर्ध्यावर आणलं, फडक्यातून गाळलं, निवू दिलं. अहल्येसाठी करताना जेवढी काळजी घेत, तेवढीच. मग पातेलं टाकीच्या काठावर टेकवून त्यांनी तो तपकिरी काढा हळूच ओतला, जसं लेकराच्या तोंडात ओततात तसं.

मी शेजारी टांगलेली होते. मला तोंड नव्हतं.

आधी काही झालं नाही. मग काचेवरचे कृमी आकसले आणि गळू लागले. सगळे एकदम, हलवल्यावर झाडाचा पाला गळावा तसे. वसुमतीबाईंनी हात जोडले. ठकुअक्का म्हणाल्या, "सरी, आता पोर सुटली." पाणी पिवळं होत होतं. त्या दोघींना वाटलं, काढ्याचाच रंग असेल. दगडावरची फुलं एकेक करून मिटली. ती उजेडात कधी मिटत नसत. मासे वर आले आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडं उघडझाप करू लागले.

तेवढ्यात शाळा सुटून अहल्या आली.

तिने दप्तर टाकलं आणि धावत येऊन दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत घातले. मासे तिला ओंजळीत उचलायचे होते. पाणी उसळलं, तिच्या तोंडावर उडालं, ओठांवर आलं. वसुमतीबाई ओरडल्या, "अगं, काढ हात!" त्यांना वाटलं होतं की जंतांचं पाणी लेकीच्या अंगाला लागतंय. ते खरोखर काय आहे, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक असलेला माणूस त्याच वेळी दारात येऊन उभा राहिला.

मी त्रिविक्रमरावांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तडफडणाऱ्या माशांकडे पाहिलं नाही. अहल्येचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तोंडात गेलं का? गिळलंस का? अहल्या, खरं सांग, गिळलंस का?"

"थोडंसं," ती म्हणाली. वडिलांचा चेहरा बघून ती रडायला लागली.

त्यांनी तिला गुळण्या करायला लावल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. ठकुअक्का डॉक्टरांकडे धावल्या. भीमाचार्य आले, नाडी धरून बसले. "कसलं विष आहे, मास्तरे?"

"माहीत नाही."

"नाव काही?"

"नाव नाही माहीत. कोळंबीची दोन पिल्लं मेली त्याने, एवढंच पाहिलंय."

मित्रांनो, ज्या भीतीला नाव असतं तिच्यावर औषध असतं. ती संध्याकाळ बिननावाची होती. अहल्येच्या मनगटांवर लाल चट्टे उठले. त्रिविक्रमराव मला घेऊन तिची बोटं पाहत होते, नखं पाहत होते, जीभ पाहत होते. माझ्यात प्रत्येक चट्टा बशीएवढा दिसत होता. त्या वेळी माझ्यातून ज्याने पाहिलं, त्याचं सगळं पाहणं भीतीचंच होतं. वसुमतीबाई लेकीच्या पायाशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या. पोरगी श्वास घेई तेव्हा त्या घेत. ती थांबली की थांबत.

दिवे लागले. चट्टे फिके होत गेले. अहल्येने भूक लागली म्हणून सांगितलं. भीमाचार्यांनी तिचा हात खाली ठेवला आणि घाम पुसत म्हणाले, "भात द्या, अम्मा."

ते गेल्यावर वसुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हांला ठाऊक होतं."

"वाटीत पाहिलं होतं. ते मेले की विष सोडतात."

"मला का सांगितलं नाहीत?"

"तू घाबरशील म्हणून."

"मी घाबरलेलीच होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून एकटी घाबरले."

  त्रिविक्रमराव उठले, एका वाटीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात एक मेलेला कृमी सोडला आणि वाटी दोघांच्या मध्ये ठेवली. मग मला वसुमतीबाईंच्या हातात दिलं आणि जे काही पाहिलं होतं, ते पहिल्यापासून सांगितलं. जे कळलं नव्हतं, तेही सांगितलं. त्यांचा हात माझ्या मुठीवर, वसुमतीबाईंच्या हातावर होता. दोन माणसांनी मला एकत्र धरण्याची ती पहिली वेळ.

समुद्र पुन्हा भरला गेला नाही. दगडावरची फुलं उघडली नाहीत. टाकी कॉलेजला गेली, ट्यूब आप्पाजीने नेली. माझं काम मात्र वाढलं. डाळीतले किडे, अहल्येच्या पायातला काटा, रेडिओतली तुटलेली तार, सगळं ते दोघं मिळून पाहत. कधी त्या म्हणत, "मला भीती वाटते हो याची," आणि ते म्हणत, "मलाही. चल, बघू." असं पुष्कळ वर्षं चाललं. अहल्या मोठी झाली, कॉलेजात गेली. मग मी कपाटाच्या खणात पडून राहू लागले. माझ्या पितळेवर हिरवट डाग चढले. जुन्या वस्तूंचं असंच होतं. त्याची तक्रार नाही.

एका सकाळी खण उघडला. त्रिविक्रमरावांनी मला काढून स्वतःच्या तळपायावर धरलं. तिथे एक काळा ठिपका होता, कडा फाटल्यासारख्या. त्यांनी तो खूप वेळ पाहिला. त्यांचा श्वास पुन्हा माझ्यावर बसला, आणि मला ती वाटी आठवली, ते दारापर्यंत जाऊन परत येणं आठवलं. या वेळी ते परत आले नाहीत. दारात उभं राहून त्यांनी हाक मारली, "अगं, इकडे ये. मला हे काही बरं दिसत नाही. तू बघ."

त्या आल्या. पदराला हात पुसून त्यांनी मला घेतलं. हात कापला नाही.

तो कातडीचा कर्करोग निघाला, बरा न होणारा. पण त्या घरात कुणी एकट्याने घाबरलं नाही. अहल्येलाही सगळं सांगितलं गेलं, पहिल्यापासून.

त्रिविक्रमराव गेल्या वर्षी गेले. सुतक फिटलं तेव्हा वसुमतीबाईंनी सगळं घर गरम पाण्याने धुऊन काढलं. भांडी, फळ्या, खिडकीचे गज, देव्हारा. अहल्या ओलं फडकं घेऊन खण पुसत होती. तिने मला उचललं आणि उजेडाकडे धरलं. माझ्या मधोमध, काचेवर, एका अंगठ्याचा ठसा होता. तळपाय पाहताना त्रिविक्रमरावांनी मला आडवं धरलं असावं. त्याच्या रेषा, त्याची भोवऱ्यासारखी वळणं, सगळं स्पष्ट होतं.

अहल्येचं फडकं तसंच थांबलं. "आई," ती म्हणाली.

वसुमतीबाई आल्या. आयुष्यभर ज्यांनी जग उकळून, घासून, पुसून घेतलं, त्या बाईंनी त्या ठशाकडे पाहिलं. मग लेकीच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना तुम्हांला विनवतात: आम्हांला जपा, स्वच्छ ठेवा, धूळ बसू देऊ नका. माझी विनवणी निराळी आहे. अनोळखी जीव दिसला तर त्याला मारण्याआधी त्याच्याकडे नीट पाहा, आणि एकाच नावाचे सगळे एक असतात असं धरून चालू नका. भीती वाटली तर शेजारच्या माणसाला सांगा. त्याला वाचवायचं म्हणून लपवू नका.

आणि मला पुसू नका. अजून नको.